राजाला झोपूनच राहू द्या

"मॅडम, आज आपल्या राजाले उभं करून टाकू," असं म्हणत आमच्या म्युझियमचे साहेब आत आले. मागून दोन शिपाई फायबरचा पुतळा घेऊन आले. सदर बाजारातल्या कपड्यांच्या दुकानातला. रुंद खांदे, गालावर हसू.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. म्युझियममध्ये राजघराण्याच्या कपड्यांचं दालन उघडायचं होतं. उद्घाटनाला दुसऱ्याच दिवशी मंत्री येणार होते. मी टेक्स्टाइल कन्झर्वेटर, म्हणजे जुन्या कापडांची डॉक्टर. माझा पेशंट टेबलावर आडवा होता: एका राजाचा रेशमी अंगरखा, बंदांनी बांधायचा घेरदार कोट. घेरावर जड जरीकाम. जरीकाम टिकतं, रेशीम मात्र म्हातारं होतं. असा कपडा टांगला की सगळं वजन खांद्याच्या शिवणीवर येतं आणि ती उसवते. म्हणून आम्ही तो आडवाच ठेवतो, घड्यांमध्ये मऊ कागदाच्या वळकट्या घालून.

"साहेब, हा उभा नाही राहत."

"काहून नाही? एका दिवसाची तर गोष्ट आहे."

"तेवढ्यात फाटेल. राजा अंगानं बारीक होता. तुमचा हा पहिलवान त्यात मावणार आहे का?"

"मग मंत्र्यांले काय निजलेला कपडा दाखवू? वाकायले लावू त्यांले?"

"हव," मी मान डोलावली.

साहेब लाल झाले. "मी ऑर्डर देऊन राहिलो, मॅडम!"

माझंही डोकं फिरलं. इतकी वर्षं ज्या कापडासमोर मी श्वास जपून घेतला, ते मंत्र्यांसोबतच्या एका फोटोपायी फाडायचं? "तर मग तुमच्या हातानं चढवा. फाटला तर कोणी फाडला, ते उद्या मंत्र्यांसमोर मी सांगते."

साहेबांनी हात पुढं केला. बाहीला बोट लागलं आणि रेशमाचा भुगा बोटावर आला. त्यांनी हात मागं घेतला, पँटला पुसला.

"तुमची बदलीच करतो," एवढं बोलून ते गेले. पुतळा तिथंच हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. अंगरखा बुटक्या काचपेटीत होता. रेशमाला प्रकाश सोसत नाही, म्हणून दिवे मंद ठेवले होते. उभ्यानं काहीच दिसेना. मंत्री वाकले. ते वाकले म्हणून मागचे सगळे वाकले, साहेबसुद्धा.

"गले के पास ये दाग कैसा है?" मंत्र्यांनी विचारलं.

"पसीने का है, सर. राजासाहब का," मी म्हणाले.

ते बराच वेळ तसेच वाकून पाहत राहिले. फोटो छान आला. साहेबांनी तो फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावला.

माझी बदली मात्र झालीच, दगडी मूर्तींच्या विभागात. तिथं काही फाटत नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पश्चात्ताप कधीच झाला नाही. बदली पुढं रद्द झाली. रेशमाचं फाटणं कोणत्याही ऑर्डरनं रद्द होत नाही.

अंगरखा अजून झोपलेलाच आहे. पाहायचा असेल तर वाकावं लागतं.