मंगळवारची हाक

येर शोंगचा स्वभाव मुळातच जळका. लाओसच्या डोंगरातल्या तिच्या गावात म्हणायचे, शेजारणीच्या वेलाला भोपळा मोठा लागला तरी येरच्या पोटात दुखतं. नव्या वर्षाच्या जत्रेत पोरं-पोरी समोरासमोर उभी राहून मनात भरलेल्याकडे चेंडू टाकतात, झेलतात. नेंग वांगने तो टाकला होता येरच्या मैत्रिणीकडे. येरने मध्येच हात घालून पळवला. मैत्रीण रुसली, नेंग हसला, आणि महिन्याभरात लग्न लागलं.

पुढे ख्रिस्ती प्रार्थनेला जाण्यावरून गावात त्रास सुरू झाला, म्हणून दोघं नदी ओलांडून थायलंडला आली. निर्वासित म्हणून कार्ड मिळालं, पण पोलिसांच्या लेखी ते पुठ्ठाच. बँकॉकमध्ये भाड्याच्या खोलीतून दोघांना उचललं आणि परदेशी लोकांना कोंडतात त्या इमारतीत आणून टाकलं. पुरुष वरच्या मजल्यावर, बायका खालच्या.

खाली शंभरेक बायका एका खोलीत. झोपायचं कुशीवर. एकीला कूस बदलायची झाली तर सगळ्या रांगेने बदलायची. दिवे कधी विझत नाहीत. अंगावर खरूज, हौदाला रांग, आणि दोन्ही वेळा भातावर काकडीचं पांचट पाणी. हे सगळं येरने सोसलं असतं. सोसवेना ते मंगळवारचं.

मंगळवारी गावाकडच्या ओळखीचे, आता बँकॉकात रीतसर राहणारे मास्तर आणि मास्तरीणबाई भेटायला यायचे. नियम असा, की बाहेरच्या एका माणसाने आतल्या एकाचंच नाव लिहायचं. मास्तर नेंगचं लिहायचे, बाई येरचं. मग जाळीच्या अलीकडे नवरा-बायको तासभर खांद्याला खांदा लावून बसायची. जाळीपलीकडे मोकळी वाट, तिच्यापलीकडे आणखी एक जाळी, तिथे मास्तर आणि बाई. बोलायचं ते सगळं ओरडून. एरवी त्या इमारतीत नवऱ्याचा चेहरा दिसायची सोय नव्हती.

मग खोलीत गाओनू आली. विशीची पोर, जिभेला हाड नाही. येरने आधी तिचं कूळ विचारलं.

"वांग," गाओनू म्हणाली.

म्हणजे नेंगच्याच कुळातली. ह्मोंग लोकांत एका कुळातली पोरं-पोरी भाऊबहीण, लग्नाचा विचारही पाप. येरचा जीव भांड्यात पडला. पोरीला भेटायला येणारं कुणी नाही हे कळल्यावर जाळीपाशी तिनेच नवऱ्याला सांगितलं, "तुझी बहीण आलीय आमच्यात. एखाद्या मंगळवारी बाईंना तिचं नाव लिहू दे."

एखाद्या म्हणाली होती. त्यानंतर दर मंगळवारी शिपाई हाक मारायचा ती "गाओनू वांग" अशीच.

परत येताना पोरीच्या हातात मास्तर-बाईंनी बाहेरून आणलेलं पुडकं असायचं. उकडलेली मोहरीची भाजी, कुटलेली मिरची.

"वहिनी, दादानं पाठवलंय."

"दादानं पाठवलंय की तुझं खाऊन उरलंय?"

"वहिनी, असं काय हो."

"काय बोलता गं तासभर?"

"काही नाही. हसतो नुसतं."

खोलीची म्होरकी सोफाल मावशी, कंबोडियाची. भिंतीला टेकून ती म्हणाली, "नणंद घरात आली की भावजयीचं पान वाढायचं राहतंच. आमच्याकडेपण तेच."

बायका फिदीफिदी हसल्या. येरला वाटलं, दुसऱ्या कुळाची असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. ही वांग निघाली. नणंदेवर जळायचं तर कुठल्या तोंडाने? पण जळत मात्र होतं.

पुढच्या मंगळवारी हाक आली तशी येरने गाओनूचं मनगट धरलं. "आज मी जाते."

"माझ्या नावावर? पकडलं तर दोघींच्या भेटी बंद करतील, वहिनी."

"शिपाई तोंडं बघत नाहीत, डोकी मोजतात. बस खाली."

गाओनूने सोफालकडे पाहिलं.

"मला काय विचारतेस?" सोफाल म्हणाली. "मी तर झोपलेय." आणि डोळे मिटून घेतले.

जाळीपाशी नेंग आधीच बसला होता. गालफडं बसलेली, बोटांच्या बेचक्यांत खरूज, तरी चेहऱ्यावर हसू तयार. येरला बघताच त्याने ते आत ठेवून दिलं.

"तू? गाओनूला बरं नाही का?"

पहिला प्रश्न हा. येर त्याच्या शेजारी धपकन बसली. "धडधाकट आहे तुझी बहीण. तिचं नाव लिहायला कोण सांगतं बाईंना?"

नेंग खरूज खाजवत राहिला. मग म्हणाला, "मी."

पलीकडून बाई काहीतरी ओरडल्या. आजूबाजूला सगळेच ओरडत होते, काही कळलं नाही.

"का?"

"तू येतेस आणि रडतेस, येर. तास संपेपर्यंत. ते घेऊन मी वर जातो आणि आठवडाभर तेच उशाला घेतो. ती पोर येते, तुमच्या खोलीतल्या एकेकीची नक्कल करते. तेवढ्यापुरतं विसरायला होतं कुठे आहे ते."

सवत असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. हसण्याशी कसं भांडायचं? येरचे डोळे भरून आले. नेंगने मान फिरवली, आता हेच होणार म्हणून. ते मान फिरवणं तिला झोंबलं. तिने डोळे पुसले, मान तिरकी केली, ओठांचा चंबू केला आणि गाओनूचा नाकातला आवाज काढला. "वहिनीऽ, दादानं पाठवलंय होऽ."

नेंगने वळून पाहिलं.

"पाठवलं कसलं," येर आपल्या आवाजात म्हणाली, "दातात अडकलेली भाजी दिसते तिच्या. झोपेतपण बडबडते. परवा शेजारणीनं तिच्या तोंडावर चप्पल ठेवली. ही चपलेशीच बोलत बसली. वहिनीऽ, तुम्ही एवढ्या चपट्या कशा झालात होऽ?"

नेंगचे खांदे हलायला लागले. मग तो असा हसला की ठसका लागला. जाळीपलीकडे मास्तर घाबरून उभे राहिले.

"केवढी जळतेस गं," तो डोळे पुसत म्हणाला.

"जळतेच. पुढच्या मंगळवारी नाव कुणाचं?"

"एकदा तू, एकदा ती. तिला कुणी नाही, येर."

"दोनदा मी. मग एकदा ती."

"आणि रडलीस तर?"

"तर तिची पाळी."

नेंगने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बाईंना ओरडून सांगितलं. त्यांना पोचायला तीनदा ओरडावं लागलं. तिन्ही वेळा येर कान देऊन ऐकत होती, आपलंच नाव घेतोय ना.

पुडकं घेऊन ती खाली आली तेव्हा गाओनू दाराशीच उभी होती.

"दादा हसला का हो, वहिनी?"

"नाही," येर म्हणाली. "तोंड पाडून बसला होता."

"मी असते तर..."

"तू नव्हतीस. आण तुझा भात."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. येरने पुडकं सोडलं, आधी सोफालला दिलं, मग स्वतःला घेतलं. गाओनूच्या भातावर भाजी घातली, पण जरा कमीच.