कापसाच्या बंडीत

मुलगी सहा वर्षांची असताना मी शाळेतली नोकरी सोडली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "मुलगी दाराची कडी काढून निघून जाते." ते म्हणाले, "सगळ्यांचीच मुलं कडी काढतात." मी म्हटलं, "बाकीची हाक मारली की ओ देतात." त्यांनी राजीनाम्यात 'घरगुती अडचण' असं लिहायला सांगितलं.

ती बोलत नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला होता. तो आम्ही घाटंजीला, आमच्या गावी, घेऊन आलो, पण तिथे तो कोणाला कळत नव्हता. शेजारच्या काकू विचारायच्या, "पन थे जाते कुठी?" आम्हालाही तेच कळत नव्हतं. ती उठायची आणि चालू लागायची. मागे बघायची नाही, समोरून गाडी आली तरी थांबायची नाही. घरामागच्या शेतात कठडा नसलेली एक विहीर होती. तिचा विषय आम्ही घरात काढत नसू.

तिचे बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून. त्यांनी दाराच्या वरच्या टोकाला दुसरी कडी बसवली. मुलीने चार दिवस ती पाहिली आणि पाचव्या दिवशी तांदळाचा डबा ओढून वर चढली. मग कुलूप आलं आणि किल्ली माझ्या मंगळसूत्रात गेली. काकूंनी सुचवलं, "खाटेले बांधून ठेवा." हे म्हणाले, "विचार करतो." काकू गेल्यावर म्हणाले, "केला."

दिवाळी होऊन गेली होती. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, आणि खरेदी केंद्रावरचा काटा कधी चालू, कधी बंद. गावाबाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, लांब रांग लागलेली. माणसं दोन-दोन दिवस बैलांजवळच मुक्काम करत. एका दुपारी गॅसचा सिलिंडर आला. मी कुलूप काढलं, सिलिंडर आत घेतला, सही केली. तेवढ्यात ती गेली.

मी आधी विहिरीकडे धावले. पाणी शांत होतं. शांत पाण्यावरून काहीच कळत नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं. निरोप मिळताच हे सायकलवर आले, येताना गळ टाकणारी दोन माणसं घेऊन आले. गळाला एक बादली लागली. ती कोणाची असावी यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात शेतातून येणाऱ्या एका बाईने सांगितलं, लाल फ्रॉकमधली पोरगी बंड्यांच्या रांगेत दिसली होती.

आम्ही रांगेच्या कडेने विचारत गेलो. एका ठिकाणी रांग तुटली होती. एक बंडी बैल सोडून तशीच उभी, आणि मागच्या बंड्या वळसा घालून, शिव्या देत पुढे जात होत्या. बंडीशेजारी एक म्हातारी बसली होती. वर कापसात गळ्यापर्यंत रुतून आमची मुलगी झोपली होती.

"तुमची हाय?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"नाव इचारलं तं सांगत नाई. पानी देल्लं, पेली. मंग सोताच चढली न् कापसात घुसली."

"बोलत नाही ती."

"आस्सं. मले वाटलं, माह्यावर रागावली हाय."

यांनी विचारलं, "आजी, तुमचा नंबर?"

"आलता. गेला. पोरगा चिडून काट्यावर गेला हाय."

"मग बंडी का नाही नेली?"

"तथी बंडी खाली करतेत. लेकराले उठवू कायले? आन् तुमी शोधत आले असते, तं मी कुठी सांगत फिरू? जथी बसली तथीच ठेवली."

मी तिला विहिरीतल्या बादलीबद्दल सांगितलं.

"चांगली हाय का बादली?" तिने विचारलं.

मुलगी ऊन उतरेपर्यंत झोपली. तोवर यांनी काट्यावर जाऊन अर्ज लिहिला, की गाडीत मूल झोपल्यामुळे गाडी पुढे आणता आली नाही. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर दिला. कापूस मोजून झाल्यावर म्हातारीचा मुलगा आमच्या घरी आला. सोबत कापसाचं एक गाठोडं होतं. "माय म्हने, पोरीले द्या," एवढंच बोलून तो गेला.

यांनी फळ्यांची एक मोठी पेटी ठोकली. अर्धी खोली तिनेच व्यापली. त्यात तो कापूस आणि कमी पडला तेवढा विकत आणून भरला. मुलगी दुपारी तासभर त्यात पडून राहायची. अंग चहूबाजूंनी दाबलं गेलं की तिला बरं वाटतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग मी तिच्या प्रत्येक फ्रॉकला आतून पत्त्याची पट्टी शिवली, आणि आम्ही दोघं घरापासून हमरस्त्यापर्यंत दारोदार सांगत गेलो: ती दिसली तर ओरडू नका, ओढू नका, सोबत चाला आणि निरोप पाठवा. इतकी वर्षं आम्ही हे लपवत होतो. लोकांना आधीच माहीत होतं. त्या हंगामात ती आणखी तीनदा गेली आणि तिन्ही वेळा कोणीतरी सोबत चालत तिला परत आणून सोडलं.

पुढच्या वर्षी म्हातारी आमच्याकडे आली. पेटीजवळ जमिनीवर बसली. मुलीने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त एक पाय बाहेर काढून तिच्या मांडीवर ठेवला. चहा होईपर्यंत दोघी तशाच होत्या.

निघताना म्हातारी मला म्हणाली, "बरी हाय वं तुही पोरगी. उगाच बोलत नाई."