नऊ वाजताचा मिस कॉल

हर्षाच्या नेट कॅफेचं शटर तापामुळे तीन दिवस बंद होतं, पण पोरगी जिवंत आहे का, हे गडचिरोलीत एकाही माणसानं विचारलं नाही. चौथ्या दिवशी एक जण आला, तोही कॅफे बंद का म्हणून भांडायला. ते तिला फार लागलं. दोन हजार सात सालची गोष्ट. त्यातूनच तिनं ऑर्कुटवर, एकट्यानं धंदा करणाऱ्यांचा गट काढला. नाव ठेवलं 'एकट्याचं दुकान'. नियम एकच. सकाळी दुकान उघडलं की तसं गटावर लिहायचं, म्हणजे माणूस ठीक आहे हे बाकीच्यांना कळतं. ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यानं हर्षाला मिस कॉल द्यायचा, मग ती त्याच्या नावापुढे लिहिणार. फुकटातलं काम, म्हणून माणसं जमली. घुग्घुसचा हेमराज पंपाच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधायचा, ऊर्जानगरची रीता पापड लाटायची, अहेरीकडचा पोचू सायकली दुरुस्त करायचा. पोचूचा मिस कॉल बरोबर नऊला. घड्याळ चुकेल, पोचू चुकणार नाही.

भादव्यात पोचू डोक्यात चढलेल्या मलेरियानं गेला. अहेरीच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. हर्षानं रडत रडत गटावर लिहिलं.

पंधरवड्यानं, सकाळी नऊला तिचा फोन वाजला. वर नाव आलं, पोचू. दोन घंट्या, आणि बंद.

तिनं उलट फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. भूतखेत न मानणाऱ्या घरातली पोर, पण नऊ वाजत आले की फोन गल्ल्यात कोंडून ठेवायला लागली. कोंडला तरी आतून वाजायचाच.

तिनं हे सांगितलं तशी रीता फोनवर कडाडली, "नाव काढ त्याचं! मेलेल्या माणसाची हजेरी लागून राह्यली का आपल्या इथी? नाई तं मी चालली गट सोडून. हेमराजभाऊबी तेच म्हणते."

नाव काढायचं म्हणजे आपल्या हातानं पोचूला पुन्हा मसणात पोचवायचं. नाही काढायचं, तर एकेक करून जमवलेली माणसं जाणार. हर्षानं अहेरीची बस धरली.

पोचूचं दुकान उघडं होतं. त्याची बायको गोकुळा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसली होती. फोन खिळ्याला पिशवीत टांगलेला.

हर्षानं आपण कोण ते सांगितलं. "नऊ वाजता फोन तुमीच करता का, बाई?"

"हो माय. ते दुकान उघडलं का हे हिरवं बटन दाबत. दोन घंट्या झाल्या का लाल. त्याबिगर पाना-पक्कडले हात नाई लावत. आता म्या उघडलं, तं मीच दाबते."

"मंग मी फोन केला तं उचलला काऊन नाई?"

गोकुळानं ओले हात लुगड्याला पुसले. "भेव वाटे. आमाले कोन फोन करते? मले वाटे, तेच वरून इचारून राह्यले, दुकान उघडलं का म्हणून."

म्हणजे इतके दिवस दोघी एकमेकींनाच भिऊन होत्या. पण हसायला कोणालाच आलं नाही.

निघताना हर्षानं नाव काढण्यावरून गटात चाललेला वाद सांगितला, तशी गोकुळा म्हणाली, "त्याईचं नाव नका काढू, बाई. माझं खाली लिवा."

दुसऱ्या दिवशी नऊला दोन घंट्या झाल्या. हर्षानं लिहिलं, 'गोकुळा. दुकान उघडलं.' वरच्या ओळीत पोचूचं नाव, पुढे मोकळं.

रीतानं काही गट सोडला नाही. फक्त मधूनच फोन करून हळूच विचारते, "वरच्या ओळीत काई आलं नाई नं, हर्षा?"