दोन मुठी चिवडा आणि व्याह्यांची बदकं

आयुष्यात मी शिकार एकदाच केली आहे, आणि तीसुद्धा व्याह्यांच्या परंपरेची.

आमची मुग्धा कॅनडात वॉटर्लूला शिकत असताना रायनच्या प्रेमात पडली. लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला, म्हणजे तिकडच्या कृतज्ञतेच्या सणाला, आम्हा दोघांना त्याच्या आईवडिलांच्या फार्मवर बोलावणं आलं. त्या दिवशी पहाटे बापलेकांनी बदकांच्या शिकारीला जायचं आणि संध्याकाळी तीच बदकं सगळ्यांनी मिळून खायची, हा त्यांचा तीन पिढ्यांचा रिवाज.

"आमच्याकडेही शिकारीची परंपरा आहे!" मी व्याह्यांना, म्हणजे डगना, फोनवर सांगून टाकलं. (आमचे आजोबा पुण्यात पोस्टात होते. झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचे!)

"बाबा, व्हाय वुड यू से दॅट?" मुग्धाने कपाळावर हात मारला.

"अगं, इम्प्रेशन पडायला नको?"

पडलं. पहाटे मी रायनचं हिरवं-मातकट जॅकेट घालून डग आणि रायनबरोबर तळ्याकाठच्या गवतात लपून बसलो होतो. लायसन्स नसल्यामुळे मला बंदूक दिली नव्हती (सरकारची कृपा!). "हलायचं नाही, बोलायचं नाही," डगनी बजावलं.

दीड तास झाला. पाय बधिर, नाक वाहतंय, आणि उजाडलं तसं समोर तळ्यात वीसेक बदकं दिसू लागली. इतकी निवांत, इतकी भाबडी, की मला गलबलून आलं. बिचारी आता मरणार, तीही उपाशीपोटी! खिशात हिने दिलेला पोह्यांचा चिवडा होता. मी हळूच दोन मुठी पाण्यात भिरकावल्या.

एकही बदक हललं नाही.

"सतीश," डग कुजबुजले, "वॉज दॅट फूड?"

"पोहे आहेत. शेंगदाणेही आहेत. पण तुमची बदकं फारच नखरेल हो!"

"ती प्लॅस्टिकची आहेत," रायन म्हणाला. "खरी बदकं फसून खाली यावीत म्हणून ठेवलीत."

"मग काहीच बिघडलं नाही की!"

"बिघडलंय," म्हणत डग बंदुकीतली काडतुसं काढू लागले. दाणे टाकून बदकं मारणं इथे गुन्हा! आता कित्येक दिवस त्या तळ्यावर शिकार बंद!

आणि नेमकी तेव्हाच खरी बदकं आली. चांगली चाळीसएक! आमच्या डोळ्यांदेखत ती चिवड्यावर तुटून पडली. डग रिकामी बंदूक मांडीवर घेऊन बघत राहिले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी टेबलावर बदकांच्या जागी हिने घाईघाईने केलेलं पिठलं होतं. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी आजोबांचं खरं काय ते कबूल केलं आणि सगळ्यांची माफी मागितली. मुग्धा ताटात बघत होती.

मग डगची ऐंशी ओलांडलेली आई बोलली. "साठ वर्षं या दिवशी मी बदकांची पिसं उपटतेय. आज पहिल्यांदा दुपारी झोपले. थँक यू, सतीश!"

आधी रायन हसला, मग मुग्धा, आणि शेवटी डगसुद्धा. त्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं.

यंदा डगनी स्वतः फोन केला. "सतीश, यू आर फॅमिली नाऊ!"

हिलाही ऐकू जावं म्हणून मी लगेच फोन स्पीकरवर टाकला.

"म्हणून स्पष्ट सांगतो. जेवायला नक्की ये. पण चारच्या आधी येऊ नकोस."

मी काही म्हणायच्या आत शेजारून ही ओरडली, "साडेपाच म्हणा! उगाच रिस्क नको!"