आज्जीला विचार, आईला सांग

पोरगी उठंना. मी गाल थोपटले, पायाचे अंगठे ओढले, कानात हाक मारली, मान नुसती इकडून तिकडं. अडीच वर्षांची पोर, एरवी झोपेत हात लावला तरी लाथ मारती, आणि आता माझ्या मांडीवर ओल्या कपड्यासारखी पडलेली. हॉलमध्ये अंधार, आणि समोर पडद्यावर मीच. चहाचा कप पुढं करून म्हणत होते, "आई, बोला ना माझ्याशी काहीतरी," आणि पडद्यावरची सासू हसून म्हणत होती, "बोलते की गं, तू बस आधी." मागं कोणतरी मुसमुसत होतं. खरी सासू माझ्या शेजारच्या खुर्चीत होती, आणि सात महिने आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो.

मला एवढंच विचारायचं होतं, तुम्ही हिला काही पाजलं का. पण तोंड तिच्याकडं वळंनाच. मी काय केलं, तर त्या निपचित पोरीच्या तोंडाकडं बघून म्हणले, "बाळा, आज्जीला विचार, घरी तुला काही पाजलं का?"

आणि तिनं पण पोरीकडंच बघून सांगितलं, "तुझ्या आईला सांग, मी काही पाजलं नाय."

आमच्या घरात असंच चालायचं. मी कॉलेजच्या पोरींच्या मेसला पोळ्या लाटते, सकाळी सातला जाते ती दोनला येते, तोवर पोर सासूकडं. सात महिन्यांमागं एक दिवस आले तर पोरीचा हात इस्त्रीला लागून भाजलेला. मी गल्लीत, चार बायांसमोर सासूला ओरडले, "तुमचे डोळे फुटले का?" ह्यांनी रात्री वर अजून सुनावलं, परत असं झालं तर आईला थोरल्या भावाकडं गावाला सोडून येईन. थोरल्याकडं तिला पडवीत झोपवतात, सगळ्यांचं झालं की ताट सरकवतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून तिनं तोंड बंद केलं. मी म्हणलं ती बोलली की बोलू. ती पण तेच म्हणत असणार.

मग पोरीच्या मधून चालू झालं. "आईला सांग, गॅस संपत आलाय." "आज्जीला सांग, नळाला पाणी आलंय." पोर नुसती मान हलवायची आणि निरोप पोचायचा. आम्हाला त्यात काही वाटायचं बंद झालं होतं.

मेसला जेवायला येणारी एक पोरगी, तिला स्पर्धेसाठी छोटी फिल्म करायची होती, एका घरात राहून माणसं बोलत नाहीत ह्यावर. मला म्हणली, "ताई, तुमच्याच घरात करू, तुम्हीच काम करा, खरं वाटंल." तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. मी नको म्हणत होते, पण सासू दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून तयारच. तोच चहा पाच वेळा दिला मी. चौथ्या वेळेला तिच्या डोळ्यात खरं पाणी आलं, माझ्या पण आलं. मला वाटलं आता बोलंल. कॅमेरा बंद झाला तशी ती उठली आणि पोरीला म्हणली, "आईला सांग, कप विसळून ठेव."

ती फिल्म गंगापूर रोडच्या हॉलमध्ये दुपारी तीनला दाखवणार होते. पोरीला खोकला होता. एवढ्या शिकलेल्या लोकांत ती खोकत राहिली तर सगळे वळून बघतील, असं मला वाटलं. डॉक्टरनी तिचं खोकल्याचं औषध अर्धं झाकण सांगितलेलं. मी दोन झाकणं पाजली. खोकल्यासाठी नाय, झोपावी म्हणून.

पोरीला उचलून मी पळाले, सासू मागून, एक चप्पल पायात, एक हातात. रिक्षा केली, जवळच्या दवाखान्यात घुसले. डॉक्टर पोरीच्या डोळ्यात बॅटरी मारत म्हणाले, "काय दिलं?" मी दोन झाकणं सांगितली.

"एवढ्यानं इतकी गुंगी येत नाही. अजून काय दिलंय? लपवू नका. आजी, तुम्ही?"

"नाय बा," सासू म्हणली.

आम्हाला बाहेर काढलं. बाहेर चपला ठेवायच्या मांडणीपाशी तिनं माझं मनगट धरलं. "ऐक गं." सात महिन्यांनी. "मी पाजलंय. माझं खोकल्याचं, मोठ्या माणसाचं. दोन चमचे. म्हणलं, तुला नटण्यापुढं कुठं सुचणार."

म्हणजे तिला पण हॉलमध्ये पोर खोकायला नको होती.

"मग आत जाऊन सांगा ना, आई!"

"तो मला गावाला सोडंल. तू सांग. तुझा नवरा हाय, तुला काय करणार हाय तो?"

विचार करायला वेळ कुठं होता. मी आत गेले आणि म्हणले, "साहेब, तिच्या आज्जीचं औषध पण मीच पाजलं."

"शाळेत गेलात का नाही? बाटलीवरचं वाचता येत नाही?"

"येतं. आठवी झालेय."

त्यांनी माझ्याकडं परत बघितलं नाही. सुई टोचली, नाकाला नळी लावली, मशीनवर आकडे हलायला लागले. मी त्या आकड्यांकडं बघत बसले, मला त्यातलं काही कळत नव्हतं, नुसतं वाटायचं खाली जाऊ नका, खाली जाऊ नका. पावणेसात वाजता पोर रडली. पाणी मागितलं.

तोवर हे कंपनीतून थेट आले, युनिफॉर्मवरच. दारातच डॉक्टरनी सांगितलं, तुमच्या मिसेसनी दोन-दोन औषधं दिली. हे पोरीकडं नाय, आधी माझ्याकडं आले. "आईला म्हणली होतीस ना, डोळे फुटले का? आता तुझे कुठं होते?"

सासू खाटेशी बसून पोरीला चमच्यानं पाणी पाजत होती. तिनं सगळं ऐकलं. मी तिच्याकडं बघत राहिले. आता बोलंल, आता तरी.

"जाऊ दे रे," ती म्हणली. "चुकतं माणूस."

आता आमच्यात बोलणं हाय. "वरण घट्ट झालंय का बघ." "दळण आज आणते का उद्या?" गल्लीतल्या बाया म्हणतात, फिल्मनं तुमचं घर जोडलं बघ. हे पण म्हणतात, आईचं मन मोठं. ह्यांनी औषधाच्या सगळ्या बाटल्या सासूच्या कपाटात ठेवल्या, किल्ली तिच्या कमरेला. त्या दिवसाचं ती काढत नाय, मी काढत नाय. एकदा ह्यांना सांगायला गेले, तोंडापर्यंत आलं होतं. मग पडवी आठवली, सरकवलेलं ताट आठवलं, आणि माझी दोन झाकणं पण आठवली. आणि ह्यांनी विश्वास तरी ठेवला असता का?

काल सकाळी पोर परत खोकायला लागली. मी पिशवी घेऊन दारात उभी. सासू आतून म्हणली, "जा तू. मी देते औषध."

"किती देणार?" मी विचारलं.

"मला शिकवू नको," ती म्हणली, रागानं नाय, अगदी साधं.

तिनं कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, पोर तिच्या पदराला धरून उभी. मेसवर शंभर पोरींच्या पोळ्या, उशीर झालेला. मी गेले. दर पोळीला घरी फोन करावा असं वाटत होतं आणि केला नाय.

मी चुकले का? सांगून टाकलं असतं तुम्ही, म्हातारीला पडवीत पाठवून? का तुम्ही पण पोरीला तिच्याकडं देऊन निघाला असता?