मापाला अक्का

उभ्या खानदेशात समुद्राची काळजी वाहणारा माणूस एकच, आणि तो धुळ्यात माझ्या शेजारी राहतो. समुद्र इथून एसटीने रात्रभराच्या वाटेवर. पण तिकडचा कुठला कडा कधी ढासळेल, याचा घोर आमच्या नानांना. कॉलेजात त्यांनी जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं. वर्गात छापील मराठी, घरात आणि पंगतीत अहिराणी.

सगळं जग वरण-बट्टी कुस्करून खातं. नाना पानात बट्टी अख्खी ठेवतात, भोवती वरणाचा समुद्र करतात आणि बोटाने लाटा मारत बसतात. एका लग्नात तूपवाला त्यांच्यापुढे खोळंबून राहिला. "नाना, कुस्करा ना!" तो काकुळतीला आला. "थांब रे! समुद्र दगड फोडत नही, फट धुंडस," नाना म्हणाले, आणि खरोखरच वरण पापुद्र्यांत शिरून बट्टीचा एक तुकडा अलगद खाली बसला. थर पाण्याकडे कललेले असले तर कडा लवकर घसरतो, उलटे कललेले असले तर तग धरतो. भेगेची गुहा होते, गुहेची कमान, आणि कमान पडली की एकटा सुळका पाण्यात उभा राहतो, हे सगळं त्यांनी शेजारच्या व्याह्यांना समजावलं. तोवर पंगत उठली होती.

त्यांची बायको, अक्का, होत्या तोवर "आते जेवा" म्हणणारं कुणीतरी होतं. दर सुट्टीत दोघं कोकणात जात. तिथेही नानांचं तोंड कड्याकडे आणि पाठ समुद्राकडे. खडकाचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी मापाला ठेवतात. कुणी हातोडा ठेवतं, नाना अक्कांना उभं करत. "जराखं मांगे सरक" असं म्हणत त्या माउलीला त्यांनी कोकणातल्या झाडून सगळ्या कड्यांना टेकवलं. "मी बायको शे का फूटपट्टी?" असं विचारत अक्का पदर सावरून उभ्या राहायच्या.

अक्का गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर प्रत्येकात कडा हातभर आणि अक्का नखाएवढ्या. एक मोठा करून आणला. दगडातली भेग स्वच्छ दिसू लागली, चेहरा काही दिसेना. शेवटी नानांनी अख्खा कडाच चौकटीत बसवला. आता हार कड्याला असतो. नवा माणूस विचारतो, हा कुठला देव?  घरी बट्टी केली की नाना पहिलं पान त्या कड्यापुढे ठेवतात, आणि ती बट्टी कुस्करलेली असते. ते पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

म्हणून परवा मीच म्हणालो, "नाना, तो कडा अजून उभा आहे का, बघून येऊ."

त्यांचे डोळे लकाकले. "ती फट आते मोठी व्हयी गयी व्हई!" ते पिशवी काढायला उठले आणि मध्येच थांबले. "पन मापले कोन उभं ऱ्हाई?"

"मी राहतो की."

नानांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं, मग चौकटीतल्या त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू उंच शेस, भाऊ," ते हळूच म्हणाले, "जुनं माप जमाव नही."