टाकीवाल्या आप्पांचा फुगा

टाकीवाले आप्पा भरलेल्या टाकीला कधी घाबरले नाहीत. डिझेलने काठोकाठ भरलेल्या टाकीवर ते खुशाल मांडी ठोकून बसत आणि तिथेच चहा मागवत. जुन्या रिकाम्या टाकीजवळ मात्र चपला काढून जात. मला आधी वाटलं, माणूस फार देवभोळा दिसतोय. कसलं काय. "चपलेला खिळा आहे," ते म्हणाले. "फरशीला घासला, ठिणगी उडाली, तर आतली वाफ आपल्याला विचारत बसणार नाही." अशा टाकीत आधी तोंडापर्यंत पाणी भरायचं, वाफ बाहेर काढायची आणि मगच तिला वेल्डिंगचा हात लावायचा, हा त्यांचा नेम होता.

सुरतेच्या उधन्यात त्यांची पत्र्याची शेड होती. पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या मागे, डिझेलची जादा टाकी बसवून देणं हे त्यांचं खास काम. आमच्या ह्यांची पिकअप सुरतेहून साड्यांचे गठ्ठे घेऊन सातपुड्यातल्या आठवडे बाजारांना जाते. तिकडे पंप लांब लांब. एकदा घाटात डिझेल संपून गाडी उभी राहिली आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात जादा टाकी शिरली.

मला मात्र धास्ती बसली. आमच्या डिंडोलीच्या गल्लीतल्या एकाची गाडी रस्त्यात पेटली होती. तो वाचला, पण त्याचे हात मी पाहिले होते. मागे साड्यांचे गठ्ठे, मध्ये डिझेल आणि पुढे माझा नवरा! आधीच हे बाहेरगावी गेले की माझा डोळ्याला डोळा लागत नसे. मी सरळ सांगितलं, टाकी बसवायची नाही. मग काय, घरात बोलणंच बंद. एक दिवस ह्यांनी मला न विचारता टाकी करायला टाकली.

आप्पांचे हट्ट भारी. सरकारी मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय ते पत्र्याला शिवत नसत. आणि टाकी तयार झाली की गाडीवाल्याला म्हणत, "आता घरी जा. जी तुझी वाट बघते तिला घेऊन ये. तिच्याशिवाय गाडी मिळणार नाही."

मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. "आणि पेटली तर?" पोचल्या पोचल्या विचारलं. आप्पा चिडले नाहीत. टाकीखालचं रबर, तिला आवळणाऱ्या पट्ट्या, गठ्ठ्यांच्या बाजूची लोखंडी आडभिंत, सगळं त्यांनी मला हात लावून बघायला लावलं. "आत आडवे पत्रे टाकलेत," म्हणाले, "नाहीतर वळणावर डिझेल उसळून गाडीला ढकलतं." माझं तोंड तरी वाकडंच. मग त्यांनी टाकीत हवा भरली आणि माझ्या हातात साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश दिला. जोडांवर फेस फिरवायचा आणि बघत बसायचं. कुठे बारीक भोक असेल तर तिथे फुगा येतो. हे म्हणाले, "द्या इकडे, मी बघतो." आप्पांनी ह्यांना हातानेच मागे सारलं आणि आमच्या अहिराणीत मला म्हणाले, "त्याले घाई शे, माय. त्याले काय दिसी? तू दख."

मी घरी साड्यांना खडे चिकटवते. बारीक बघायची डोळ्यांना सवय. एकेक जोड बघत गेले आणि मागच्या कोपऱ्यात थांबले. तिथे फुगा येत होता. सगळ्यात लहान खड्याएवढा. फुटला, पुन्हा आला. "फेसच आहे तो," हे म्हणाले. आप्पा वाकले, त्यांनी बघितलं आणि चक्क माझ्यापुढे हात जोडले. "चूक झाली माय माझी. बरं झालं तू आलीस." त्यांनी नुसतं भोक बुजवलं नाही. अख्खा जोड घासून काढला, नव्याने केला आणि पुन्हा माझ्याच हातात ब्रश दिला. ह्यांची त्या दिवसाची फेरी बुडाली. घरी येईपर्यंत हे फुरंगटून होते. मी मात्र गल्लीभर सांगत सुटले, माझ्या नजरेतून टाकीवाला सुटला नाही म्हणून. आणि गंमत बघा, पुढची फेरी निघाली आणि मी गाढ झोपले. त्या टाकीचा कोपरा न् कोपरा मला पाठ होता ना.

यंदा आप्पा गेले. आम्ही बायका दारावर गेलो, म्हणजे त्यांच्या घरी भेटायला. त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणतात. जिजींभोवती बसलेल्या बहुतेक आम्ही गाडीवाल्यांच्याच घरच्या. डोळे पुसता पुसता एक लिंबायतची म्हणाली, "आमच्या टाकीतला फुगा मीच शोधला होता. आप्पांनी हात जोडले हो मला." सचिन गावाकडची एक चमकली. "अगं, आमचाही मीच शोधला. मागच्या कोपऱ्यात." मग तिसरी बोलली. आम्ही सगळ्या जिजींकडे बघायला लागलो.

जिजी रडता रडता हसल्या. "त्यांच्या जोडातून कधी हवा गेली का, बाई? तेवढी एक जागा ते मुद्दाम सोडायचे. घरी येऊन सांगायचे, आजच्या पोरीने लवकर पकडला."

"आणि कुणाला सापडला नाही तर?"

"मग चहा सांगायचे. सापडेपर्यंत सोडायचे नाहीत."

खरं सांगते, आधी मला रागच आला. एवढी वर्षं मिरवलेली नजर, ती अशी. पण रिक्षात बसले आणि तो राग विरघळला. हातात एवढी कला असलेला माणूस, आणि आपल्याच कामात मुद्दाम खोट ठेवतो. परक्या बाईकडून ती शोधून घेतो, तिच्या नवऱ्यासमोर चूक कबूल करतो. का, तर तिला घरी झोप लागावी. लोक गाडीला टाकी बसवतात. ह्या माणसाने आम्हा सगळ्यांच्या जिवाला टेकू दिला होता. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी हे फेरीला निघाले. मी ह्यांना काही सांगितलं नाही. अंथरुणावर पडले तेव्हा वाटलं, आता गुपित कळलंय, आता कसली झोप येते. डोळ्यांपुढे तो कोपरा आला, जोडलेले हात आले, आणि मला कधी झोप लागली ते कळलंच नाही.